दोरीवाल्यांविरुद्ध मी लिहिलेला अर्ज

ही हकीकत मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. ती निघेल अशी नुसती शंका आली तरी मी विषय बदलत आलो, आणि इतक्या वर्षांत त्यात इतका तयार झालो की समोरच्याला कळतही नाही. पण गेल्या महिन्यात घाटकोपरच्या आमच्या जुन्या चाळीतले दोन तरुण घरी आले. चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा आहे, त्याआधी एक स्मरणिका काढायची आहे म्हणाले. "काका, शाळेची बस तुम्हीच आणलीत ना? तुमचा फोटो आणि चार ओळी छापतो." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. त्या चार ओळी छापून यायच्या आधी हे लिहून काढायला हवं.

आमची चाळ डोंगराच्या अलीकडच्या उतारावर होती आणि शाळा पलीकडे, अंधेरी-घाटकोपर रस्त्याच्या बाजूला. शाळेत जायला दोन वाटा. एक मोठ्या रस्त्याने वळसा घालून. तिथे फूटपाथ नव्हता आणि खडीचे ट्रक एकामागून एक धावत असायचे. दुसरी डोंगराच्या खांद्यावरून जाणारी पायवाट. ती जवळची, पण दगडाच्या खाणीच्या कडेने जाणारी. खाणीत सुरुंग दुपारी, भोंगा वाजवूनच लावायचे असा नियम होता, त्यामुळे सकाळच्या शाळेला पायवाटेची भीती नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

एका सकाळी मोठ्या रस्त्यावर दुसरीतल्या एका मुलीला ट्रकचा धक्का लागला. हात मोडला, जीव वाचला. दुसऱ्या दिवशी चाळीतल्या निम्म्या मुली घरी बसल्या. मुलगे जात राहिले. मुलींच्या आया म्हणाल्या, "शिकून कुठे कलेक्टर व्हायचंय? राहूदे घरात." तेव्हा आम्ही काही पालकांनी कमिटी केली. मी एका कचेरीत कारकून होतो, अक्षर बरं होतं आणि अर्ज लिहिण्यात माझा हात कुणी धरत नसे. म्हणून मी चिटणीस. आम्ही ठरवलं की मुलांना पायवाटेने नेऊन पोचवायला आणि परत आणायला एक माणूस ठेवायचा.

तो माणूस म्हणजे आमच्याच चाळीच्या तळमजल्यावर राहणारे एक गिरणी कामगार. मूळचे सावंतवाडीकडचे. वय पन्नाशीच्या आसपास. गिरण्यांचा संप होऊन गेला होता, त्यांची गिरणी काही परत उघडली नव्हती. ते दिवसभर ओट्यावर बसून असायचे. माणूस कमी बोलायचा. बोललेच तर मालवणीत दोन शब्द.

पहिल्याच दिवशी ते काथ्याची एक लांब दोरी घेऊन आले. हात-हात अंतरावर तिला गाठी मारलेल्या. प्रत्येक मुलाने एक गाठ धरायची, शाळेच्या फाटकापर्यंत सोडायची नाही. दोरीला दोन झटके बसले की जागच्या जागी उभं राहायचं, एक झटका बसला की चालायचं. आठवड्याभरात मुलं इतकी सरावली की गाठींवरून भांडणं लागली. माझ्या मुलीची गाठ मागून तिसरी होती. आपली ओळखता यावी म्हणून तिने तिला रिबिनीचा तुकडा बांधला होता. मुलं त्यांना दोरीवाले काका म्हणायची. मग चाळही तेच म्हणू लागली. मुली पुन्हा शाळेत जाऊ लागल्या.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. शाळेचा म्हातारा शिपाई उन्हाळ्याच्या सुट्टीत निवृत्त होणार होता. मुख्याध्यापिका बाईंनी दोरीवाल्यांना माझ्यासमोर सांगितलं होतं, "हे काम नीट सांभाळा, तुमचंच नाव पुढे पाठवते." गिरणी सुटलेल्या माणसाला त्या वयात दुसरी कायमची नोकरी कुणी देणार नव्हतं. त्या दिवशी परत येताना ते माझ्याशी पहिल्यांदा सलग चार वाक्यं बोलले.

संशय माझ्या मनात कधी शिरला ते नेमकं सांगता येईल. मुलीच्या वहीत तिच्या वर्गशिक्षिकेचा शेरा आला, "वारंवार उशीर." पायवाटेने शाळा पंधरा मिनिटांवर. ही मुलं चाळीतून वेळेवर निघायची आणि एखाद्या दिवशी अर्ध्या तासाने पोचायची. मी मुलीला विचारलं, "वाटेत कुठे थांबता गं?"

तिने दप्तर आवरायला घेतलं.

"काका कुठे नेतात तुम्हाला?"

"कुठे नाही."

"मग उशीर का होतो?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकांनी सांगितलंय, घरी सांगायचं नाही."

हे वाक्य ऐकून कुठल्याही बापाचं जे होईल ते माझं झालं. मी तिला दरडावलं. ती रडली, पण बोलली नाही. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पोरांना काही गूळ-बिळ देत असतील. तुम्ही ना, इन्कम टॅक्सात असायला हवं होतं. फुकट गेलात कारकुनीत."

मी हसलो नाही. त्या दिवसापासून दोरीवाल्यांची प्रत्येक गोष्ट मला वेगळी दिसायला लागली. ते कमी बोलतात ते काहीतरी लपवायला. मुलांना दोरीला का बांधायचं, तर त्यांनी इकडेतिकडे काही पाहू नये म्हणून. इतक्या थोड्या पैशांवर ते खूश का, तर दुसरी कमाई असणार. चाळीच्या नळावर मी हे सरळ कधी म्हटलं नाही. फक्त प्रश्न विचारले. "काय हो, आज मुलं उशिरा पोचली म्हणे?" एवढंच. संशय पसरवायला प्रश्नचिन्ह पुरतं, हे मला कचेरीने शिकवलं होतं.

मग एका सकाळी मी त्यांच्या मागे गेलो. कचेरीची पिशवी खांद्याला लावून, बरंच अंतर ठेवून. खाणीच्या अलीकडे एक झोपडी होती, खाणीच्या राखणदाराची. तिच्यापाशी पोचल्यावर दोरीला दोन झटके बसले. मुलं थांबली. दोरीवाल्यांनी त्यांना झोपडीच्या मागे, एका मोठ्या शिळेच्या आड नेऊन खाली बसवलं. झोपडीतून एक बाई बाहेर आली. दारातल्या काठीवर तिचं लाल लुगडं वाळत होतं. दोघं दबक्या आवाजात काहीतरी बोलली. तिने त्यांच्या हातात कागदाची एक पुडी दिली, त्यांनी ती खिशात टाकली. मुलं चिडीचूप. मधूनच एखादं मूल कानांवर हात ठेवत होतं, तोही मला खेळ वाटला.

मला हवं होतं ते मी पाहिलं होतं. त्या डोंगरावर हातभट्टीची दारू गाळली जाते हे सर्वांना माहीत होतं. पुडी, बाई, दबका आवाज, गप्प मुलं. मी घड्याळ पाहिलं. कचेरीच्या मस्टरवर उशिराची लाल रेघ पडायची वेळ झाली होती. मी वळलो आणि भराभरा खाली उतरलो. मी तिथे आणखी पाच मिनिटं थांबलो असतो तर पुढचं सगळं घडलंच नसतं.

त्याच सुमारास आम्ही बससाठी खटपट करत होतो. विद्यार्थ्यांना सवलतीच्या भाड्यात नेणारी सकाळची एक खास बस, चाळीच्या तोंडापासून शाळेपर्यंत. मी डेपोतल्या साहेबांकडे तीनदा जाऊन आलो होतो. साहेब कागदावरून नजर न उचलता बोलायचे. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "अहो, तुमच्याकडे पायवाट आहे, सोबतीला माणूस आहे. मग बस कशाला? इथे लोक मला हायवे ओलांडणारी पोरं दाखवतात. नुसतं लांब आहे म्हणून बस मिळत नसते. काहीतरी ठोस लिहा ना राव."

त्या संध्याकाळी मी अर्ज नव्याने लिहिला. ट्रकच्या धक्क्याची गोष्ट होतीच. तिच्याखाली मी हे वाक्य घातलं. ते मला अजून पाठ आहे: "तसेच मुलांना पायी नेणाऱ्या इसमाचे वर्तन संशयास्पद असून तो मुलांना वाटेत एका झोपडीपाशी रोज थांबवून ठेवतो व ही बाब घरी सांगू नये अशी त्यांस ताकीद देतो." मी एकच दिवस पाहिलं होतं. "रोज" मी लिहिलं. "रोज" लिहिल्यावर वाक्याला वजन आलं.

अर्जाखाली कमिटीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कुणी वर वाचलं नाही. मी लिहिलेलं कुणीच वाचत नसे, तेवढा माझ्यावर विश्वास. मग कचेरीत रोज करतो तसंच, अगदी शेवटी डाव्या कोपऱ्यात मी लिहिलं, "प्रत माहितीसाठी: मुख्याध्यापिका." पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत आलो की ते सवयीने झालं. प्रत कुणाला जाते आणि तिथे काय होतं, हे कळण्याइतका जुना कारकून मी तेव्हाही होतो.

मुख्याध्यापिका बाईंनी दोरीवाल्यांना बोलावून विचारलं. मी तिथे होतो. त्या म्हणाल्या, "त्या झोपडीपाशी मुलांना का थांबवता?" दोरीवाले जमिनीकडे बघत राहिले. "बोला ना. काही कारण असेल तर सांगा." ते एकदा माझ्याकडे, एकदा खिडकीकडे पाहून म्हणाले, "बाईनू, पोरांका मी कधी काय होऊक दिलंय नाय." एवढंच. कारण सांगेनात. न बोलणारा माणूस दोषी असतो असं आम्ही तिघांपैकी दोघांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

जूनमध्ये बस सुरू झाली. डेपोच्या पत्रात मंजुरीचं कारण म्हणून माझंच वाक्य थोडं फिरवून आलं होतं. बसच्या पुढच्या काचेला हार घातला, मला शाल आणि नारळ दिला. शिपायाच्या जागेवर दुसराच कुणी आला होता. त्याच आठवड्यात दोरीवाले माझ्या दारात उभे राहिले. हातात दोरी, नीट वेटोळी करून बांधलेली. "दोरी कमिटीची," म्हणाले, "गाठी सगळ्यो आसत, बघून घेवा." मी घेतली. चारच दिवसांत त्यांनी खोली भावाच्या मुलाला दिली आणि बायकोला घेऊन गावी गेले. चाळीत कुणी विचारलं नाही. माझे प्रश्न सगळ्यांच्या लक्षात होते.

ऑगस्टमध्ये एका सकाळी बस आलीच नाही. बिघडली असं नंतर कळलं. चाचणी परीक्षेचा दिवस होता. मुलं कावरीबावरी झाली. मी म्हटलं, "चला, मी नेतो पायवाटेने. पंधरा मिनिटांचं काम." दोरी माळ्यावर होती, ती काढायचं मला सुचलंही नाही. मुलं दोनदोनच्या रांगेत माझ्या मागे निघाली.

झोपडी दिसली तसं मागून एकदम पावलं वाजायची थांबली. मी वळून पाहिलं. सगळी मुलं जिथल्या तिथे उभी. हातात दोरी नव्हती, पण प्रत्येकाची उजवी मूठ कमरेपाशी आवळलेली होती, गाठ धरल्यासारखी.

"काय झालं? चला पटपट."

माझी मुलगी म्हणाली, "बाबा, पुढे नाही जायचं. लाल लुगडं आहे."

"मग असू दे. वाळत घातलंय कुणीतरी."

"नाही बाबा! लाल असलं की थांबायचं. हिरवं असलं की जायचं." आणि माझी वाट न बघता ती बाकीच्यांना घेऊन शिळेमागे गेली. सगळी मुलं उकिडवी बसली, कानांवर हात ठेवले. मी एकटाच वाटेत उभा. कुणीतरी परत येऊन माझी बाही ओढली आणि मीही शिळेआड जाऊन बसलो.

मग जमीन हलली. आवाज नंतर आला. आमच्या पुढे, जिथून मी मुलांना नेणार होतो त्या वाटेवर दगड पडायला लागले. त्यातला एक माझ्या कचेरीच्या पिशवीएवढा होता. धूळ खाली बसेपर्यंत एकही मूल हललं नाही.

झोपडीतली बाई धावत आली. माझ्याकडे पाहून ओरडली, "तुमी कोन? दोरीवाले दादा कुटं हायेत?" मी सांगितलं, ते गावी गेले. "आन् तुमाला लुगडं दिसलं न्हाई व्हय? डोळं हायेत का बटणं?"

मग तिने सगळं सांगितलं. खाणमालकाला काम लवकर उरकायचं होतं, म्हणून आठवड्यातून दोनतीन सकाळी तो भोंगा न वाजवता चोरून सुरुंग लावायचा. डोंगराआडून चाळीपर्यंत जो आवाज यायचा तो खडीच्या ट्रकच्या गडगडाटात मिसळून जायचा. दोरीवाल्यांना ते पहिल्याच आठवड्यात कळलं. मोठ्या रस्त्याने न्यावं तर ट्रक. घरी सांगावं तर मुली पुन्हा घरी बसणार. वर तक्रार करावी तर आधी राखणदाराची नोकरी जाणार, म्हणजे तिच्या नवऱ्याची. म्हणून दोघांनी मिळून लुगड्याची खूण ठरवली होती. लाल वाळत असेल तर थांबायचं, स्फोट होऊन गेला की ती हिरवं टाकायची. पोरं यायची बंद झाली तरी वाटेने कुणी आलं तर, म्हणून ती खूण लावतच राहिली होती. आणि पुडी? शेंगदाणे आणि गुळाचा खडा. मुलं इतका वेळ गप्प बसावीत म्हणून ती द्यायची.

"त्यांनी मला शपत घातली होती आन् मी त्यांना," ती म्हणाली. "साहेब, आता तुमीबी कुटं बोलू नका. आमच्या पोटावर पाय येईल."

मी बोललो नाही. माझ्या भित्रेपणाला तिच्या विनवणीचं पांघरूण मिळालं. मुख्याध्यापिका बाईंकडे जाऊन नुसतं एवढं सांगता आलं असतं की तो माणूस स्वच्छ होता, चूक माझी होती, कारण विचारू नका. त्यासाठी खाणीचं नावही काढावं लागलं नसतं. पण मग अर्जातलं ते वाक्य खोटं ठरलं असतं, आणि त्या वाक्यावर आलेली बस डेपोच्या साहेबांनी काढून घेतली असती, अशी भीती मी स्वतःला घातली. खरी भीती शाल आणि नारळाची होती. मुलीने त्या रात्री विचारलं, "बाबा, काकांना परत बोलवाल ना?" मी म्हटलं, बघू. ती पुन्हा कधी विचारायला आली नाही. तिनेही मला ओळखलं असावं.

मी तीन आंतरदेशीय पत्रं लिहिली. अर्ज एका बैठकीत लिहिणारा मी, त्या पत्रांत "सप्रेम नमस्कार"च्या पुढे जाईना. तिसरं पुरं झालं, पण त्यात मी "गैरसमज" असा शब्द वापरला होता. वाचून पाहिलं तर ते कचेरीचं पत्र वाटत होतं. फाडून टाकलं. पुढे खाण बंद पडली, झोपडीही उठली. आता बोलायला काहीच आडवं येत नव्हतं, तरी मी बोललो नाही.

तीनेक वर्षांनी त्यांच्या भावाच्या मुलाचं लग्न निघालं, चाळीच्या अंगणातच मांडव होता. पंगतीत मी बसलो आणि बघतो तर शेजारच्या पाटावर तेच. केस पूर्ण पांढरे, हात तसेच, काथ्यासारखे. मला पाहून हसले आणि मुलीची चौकशी केली. "साहेब, चेडू कितवीत गेला?"

"आठवीत."

"बरा झाला. बस चालू आसा मा?"

"आहे."

"पोरांचा बरा झाला." त्यांनी वरणभात कालवला. मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाले, "एक इचारू? बाईंका माझ्याबद्दल कोणीतरी लिवन दिल्यान होता. तुम्ही कमिटीत होतास, तुमका ठावक आसतला. कोणी लिवल्यान, ता नको सांगा. माझा काय चुकला, तेवढा सांगा."

मला आजही संशय आहे की त्यांना सगळं माहीत होतं. चाळीत असला अर्ज माझ्याखेरीज कोण लिहिणार? नाव नको सांगा म्हणाले ते मला सोडवायला, की मला पकडायला? त्या प्रश्नावर मी इतक्या वर्षांत हजारदा विचार केला आहे. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. पण चेहरे वाचण्यात मी किती हुशार आहे, ते वर आलंच आहे.

वाढपी जिलबी घेऊन आला. मी म्हटलं, "आता इतक्या वर्षांनी काय... मला काही माहीत नाही हो." आणि वाढप्याला म्हटलं, "यांना आणखी दोन वाढ."

त्यांनी त्या जिलब्या खाल्ल्या. हात धुतले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून, "येतंय," म्हणाले. गेल्या वर्षी त्यांच्या पुतण्याकडून कळलं, ते गावी वारले.

दोरी माझ्याकडे आहे. मागून तिसऱ्या गाठीला रिबिनीचा धागा अजून आहे. स्मरणिकेवाल्या पोरांना मी हेच कागद देणार आहे, फोटो नाही. आणि पंगतीत, त्या पाटावर बसून, जिलबी यायच्या आधी जे म्हणायचं होतं ते एवढंच होतं: तुमचं काहीच चुकलं नव्हतं. ते मी लिहिलं होतं. मला माफ करा.